महाराष्ट्र मंडळांनो, टॅक्स सेमिनारमध्ये घटस्फोटाचंही बोला ना

प्रति,
अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या सगळ्या कार्यकारिण्या आणि रविवारची मराठी शाळा चालवणारी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपलं की तुमची ईमेल येते, मोफत टॅक्स सेमिनार, सोबत चहा आणि बटाटेवडा. मी जाते, कारण टॅक्स भरून देणं हाच माझा न्यू जर्सीतला धंदा आहे आणि वडाही चांगला असतो. विषय ठरलेले असतात, निवृत्तीच्या बचतीचं ४०१के आणि रॉथ, मुलांच्या कॉलेजसाठी ५२९ खातं, भारतातली खाती इकडे कळवायचं एफबार, तिकडच्या एनआरओ खात्यावरचं व्याज, पुण्यातला फ्लॅट विकला तर इकडे काय दाखवायचं. सगळं उपयोगाचं आहे, माझी काही तक्रार नाही. पण एक विषय मी आजवर कुठल्याच मंडळाच्या स्लाइडवर पाहिलेला नाही, तो म्हणजे नवराबायको वेगळे झाले की मुलांना टॅक्स रिटर्नवर कोण क्लेम करणार, म्हणजे आपल्यावर अवलंबून म्हणून कोण दाखवणार.

आता तुम्ही म्हणाल आपल्यात असं कितीसं असतं. असतं हो. तुमच्याच डिरेक्टरीत बघा, मागच्या वर्षी जे "अमुक फॅमिली" होते त्यातलं एकच नाव यंदा आलंय, आणि दुसऱ्याचं कुठे गेलं हे कोणी विचारत नाही, म्हणजे विचारतात पण किचनमध्ये, पोळ्या गरम करताना. आणि मग हीच माणसं मार्चच्या शेवटी माझ्याकडे येतात, रिटर्न रिजेक्ट झालेलं असतं, डोकं फिरलेलं असतं, हातात घटस्फोटाच्या डिक्रीची, म्हणजे कोर्टाच्या हुकुमाची, कॉपी असते आणि म्हणतात बघा इथे स्पष्ट लिहिलंय की यावर्षी मुलगी माझी. आणि मला सांगावं लागतं की हे जजनं लिहिलंय ते बरोबर आहे पण आयआरएस, म्हणजे फेडरल टॅक्स खातं, हा कागद बघणारच नाही.

सगळी गडबड इथेच सुरू होते म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळलात तरी वाचा.

घटस्फोट देतं राज्याचं कोर्ट. टॅक्स घेतं फेडरल सरकार. राज्याच्या जजनं "सम वर्षी वडील, विषम वर्षी आई" असं लिहिलं तरी ते त्या दोघांवर बंधनकारक, आयआरएसवर नाही. आयआरएसचा प्रश्न एकच, मूल वर्षातल्या जास्त रात्री कोणाकडे झोपलं. दिवस नाही, रात्री. ज्याच्याकडे जास्त रात्री तो कस्टोडियल पालक, आणि मूल क्लेम करायचा पहिला हक्क त्याचा किंवा तिचा. डिक्रीत "जॉइंट कस्टडी, फिफ्टी-फिफ्टी" असं कितीही छान लिहिलेलं असो, ३६५ चे दोन सारखे भाग होत नाहीत, एकाकडे १८३ रात्री पडतात आणि दुसऱ्याकडे १८२. लीप वर्षात मात्र १८३-१८३ होऊ शकतं, २०२४ मध्ये झालंही काहींचं, आणि तेव्हा नियम असा की ज्याचं अॅडजस्टेड ग्रॉस इन्कम जास्त तो कस्टोडियल. म्हणजे बरोबरी झाली तर जास्त कमावणारा जिंकतो. मला हा नियम अजिबात आवडत नाही, पण आहे तो आहे, आणि २०२८ परत लीप वर्ष आहे तेव्हा आत्ताच कॅलेंडरकडे बघून ठेवा.

बरं मग डिक्रीत लिहिलेलं अमलात कसं आणायचं, तर फॉर्म ८३३२. ज्याच्याकडे जास्त रात्री आहेत त्या पालकानं या फॉर्मवर सही करून सांगायचं की या मुलाचा क्लेम मी यावर्षी सोडते किंवा सोडतो, आणि दुसऱ्यानं तो कागद आपल्या रिटर्नला जोडायचा, ई-फाइल केलं असेल तर पीडीएफ जोडायची नाहीतर ई-फाइलसोबतचे कागद पाठवायच्या फॉर्म ८४५३ च्या मागे लावून पोस्टानं पाठवायचा. एवढंच आहे. एका पानाचा फॉर्म. पूर्वी डिक्रीची पानं जोडून भागायचं, पण २००८ नंतरच्या डिक्रीला ते चालत नाही, फॉर्म ८३३२ च पाहिजे किंवा तेवढ्याच कामासाठी लिहिलेलं तसंच सहीचं पत्र. आणि त्याच्या आधीही डिक्रीवर मूल सोडणाऱ्या पालकाची स्वतःची सही नसेल तर उपयोग नाही, हे टॅक्स कोर्टानं २००० सालीच सांगून ठेवलंय. जजची सही पुरत नाही. इतकी साधी गोष्ट आहे पण हजारो डॉलर फी घेणाऱ्या वकिलांच्या ड्राफ्टमध्ये "आई दरवर्षी अमुक तारखेपर्यंत फॉर्म ८३३२ सही करून देईल" ही एक ओळ नसते. त्याऐवजी काय असतं, तर "डिपेन्डन्सी एक्झेम्प्शन वडिलांना". अहो एक्झेम्प्शन, म्हणजे उत्पन्नातून माणशी मिळणारी सूट, २०१७ पर्यंत होतं, ४,०५० डॉलर, २०१८ पासून ते शून्य आहे, आणि २०२५ च्या कायद्यानं ते शून्यच कायम केलंय. जुनं टेम्प्लेट कॉपी-पेस्ट.

मग भांडण कशासाठी चालतं? चाइल्ड टॅक्स क्रेडिटसाठी, म्हणजे मुलामागे टॅक्समधून थेट कमी होणाऱ्या रकमेसाठी. २०१८ पासून मुलामागे २,००० होतं, २०२५ साठी २,२०० झालं. वर्षअखेरीला मूल सतरा वर्षांच्या आत असलं पाहिजे, सतरावं लागलं की ५०० वर येतं. आता इथे मला आपल्या लोकांबद्दल जरा कडवट बोलायचंय. या क्रेडिटला उत्पन्नाची मर्यादा आहे, एकट्या माणसाला दोन लाख डॉलर, त्याच्या वर गेलं की दर हजारामागे ५० डॉलर कमी होत जातात. म्हणजे एक मूल आणि दोन लाख चव्वेचाळीस हजार उत्पन्न असलं की क्रेडिट संपलं, उरलं शून्य. आणि आपल्यातले कितीतरी सीनियर इंजिनिअर पगार, बोनस आणि कंपनीकडून हातात आलेले (वेस्ट झालेले) शेअर्स धरून सहज तिथे पोचतात. हा गृहस्थ डिक्रीत एका मुलासाठी वकिलाला तासाचे चारशे-पाचशे डॉलर देऊन लढतो, जिंकतो, आणि त्या वर्षी त्याला मिळतं काहीच नाही. तिकडे मुलाची आई नव्वद हजार कमावते, तिला पूर्ण २,२०० मिळाले असते. ते दोघांपैकी कोणालाच मिळत नाहीत, सरकारकडेच राहतात.

दोन मुलं असतील तर हिशोब करून बघा. बाबांचं उत्पन्न २,६०,०००, आईचं ९०,०००. बाबांनी दोन्ही मुलं क्लेम केली तर ४,४०० मधून ३,००० कटतात, हातात १,४००. आईनं केली तर पूर्ण ४,४००. फरक तीन हजारांचा, एका वर्षाचा. मी अशा वेळी सांगते की अहो आईला करू द्या आणि तिनं त्यातले दोन हजार तुम्हाला द्यायचे असं लिहून घ्या, तुम्हालाही १,४०० पेक्षा जास्त मिळतील आणि तिच्याकडेही २,४०० उरतील. हे ऐकून बाबा काय म्हणतात? "पैशाचा प्रश्न नाहीये, मुलगा माझाही आहे." बरोबर आहे, आहेच तुमचा. पण १०४० च्या, म्हणजे टॅक्स रिटर्नच्या, त्या ओळीत नाव लिहिल्यानं तो तुमचा होत नाही आणि नाही लिहिलं म्हणून परका होत नाही. ही भावना मला समजते, पण तिच्यासाठी दरवर्षी तीन हजार डॉलर मोजणं समजत नाही. अर्थात उलटही बघितलंय, आईचं उत्पन्न जास्त आणि बाबांचा जॉब गेलेला, आणि तरी आई सही करत नाही, कारण "त्याला कशाला". तेव्हा हा रोग एकाच बाजूचा नाही.

दुसरा मोठा गैरसमज, "मी चाइल्ड सपोर्ट देतो मग मुलं मीच क्लेम करणार". नाही. चाइल्ड सपोर्ट देणाऱ्याला वजावट नाही, घेणाऱ्याला ते उत्पन्न नाही, आणि त्याचा क्लेमशी कायद्यानं काही संबंध नाही. महिना दोन हजार देत असाल तरी रात्री मोजल्या जाणार. हे ऐकून लोकांना खरंच धक्का बसतो, आणि मला त्यांचं वाईटही वाटतं कारण घरी शिकलेलं गणित असं की जो खर्च करतो त्याचा हक्क. गंमत म्हणजे भारतातला कायदा तसाच विचार करतो. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ६४(१ए) होतं, अज्ञान मुलाचं उत्पन्न आईबापापैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवायचं, पण लग्न टिकलेलं नसेल तर जो त्या वर्षी मुलाचा सांभाळ करतो त्याच्यात. तिकडे प्रश्न "सांभाळ कोण करतं", इकडे प्रश्न "झोपतं कुठे". आणि कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या अर्जाला, एफएएफएसएला, तिसराच प्रश्न, २०२४-२५ पासून मागच्या बारा महिन्यांत ज्या पालकानं जास्त आर्थिक आधार दिला त्यानं तो फॉर्म भरायचा. म्हणजे टॅक्सला आई आणि एफएएफएसएला बाबा असं होऊ शकतं, आणि त्यात चूक काहीच नसतं. पण हे कोणीतरी बसून सांगितलं पाहिजे ना.

आता फॉर्म ८३३२ नं काय जातं आणि काय जात नाही, कारण इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. सही केली की दुसऱ्या पालकाकडे जातं चाइल्ड टॅक्स क्रेडिट किंवा ते ५०० वालं, आणि मूल कॉलेजात असेल तर शिक्षणाची क्रेडिट्स. जात नाही ते हेड ऑफ हाउसहोल्ड (मुलासह घर एकट्यानं चालवणाऱ्याचं सोयीचं फाइलिंग स्टेटस), डे-केअरचं क्रेडिट, ऑफिसातल्या डिपेन्डन्ट केअर एफएसएची (मुलांच्या सांभाळासाठी पगारातून बाजूला काढलेल्या पैशांची) सूट आणि कमी कमाईवाल्यांचं अर्न्ड इन्कम क्रेडिट. ही चार ज्याच्याकडे मूल खरंच राहतं त्याच्याचकडे राहतात, सही करून देताच येत नाहीत. म्हणजे आईनं यावर्षीचा क्लेम बाबांना दिला तरी घर तिच्या पैशानं चालत असेल, म्हणजे निम्म्याहून जास्त खर्च तिचा असेल, तर ती हेड ऑफ हाउसहोल्ड भरू शकते. २०२५ साठी सिंगलचं स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट वजावट) १५,७५० आणि हेड ऑफ हाउसहोल्डचं २३,६२५, फरक ७,८७५ डॉलरचा आणि वर टॅक्सचे टप्पेही सोयीचे. कितीतरी बायका सही केली म्हणून गुपचूप सिंगल भरतात, वर्षानुवर्षं. आणि कितीतरी बाबा हातात ८३३२ आहे म्हणून हेड ऑफ हाउसहोल्ड टिकमार्क करतात, एफएसएमध्ये पैसेही टाकतात, आणि दोन वर्षांनी पत्र येतं.

आणि ज्यांचा घटस्फोट झालेलाच नाही, नुसते वेगळे झालेत, त्यांची तर अजून वेगळी तऱ्हा. ३१ डिसेंबरला कायद्यानं लग्न असेल तर तुम्ही विवाहित. हेड ऑफ हाउसहोल्डसाठी जोडीदार वर्षाचे शेवटचे सहा महिने त्या घरात राहिलेला नसावा लागतो, म्हणजे ३० जूनच्या आत बाहेर पडलेला हवा. बे एरियात काय किंवा आमच्या जर्सीत काय, दुसरं भाडं परवडत नाही म्हणून एकजण वर आणि एकजण बेसमेंटमध्ये असे दीड-दीड वर्ष राहणारे आहेत, सकाळी त्याच किचनमध्ये चहा आणि बोलणं ईमेलनं. हे टॅक्सच्या दृष्टीनं एकत्रच राहणं आहे, हेड ऑफ हाउसहोल्ड विसरा, एकत्र रिटर्न भरा नाहीतर मॅरिड फाइलिंग सेपरेट, म्हणजे विवाहित पण वेगवेगळी रिटर्न, आणि सेपरेटमध्ये बऱ्याच सवलती जातात. भांडण कितीही असलं तरी त्या एका वर्षी एकत्र भरून रिफंड वाटून घ्यायचा का हे निदान कागदावर मांडून बघावं, म्हणजे समोरचा उत्पन्न लपवत नाहीये याची खात्री असेल तरच, कारण जॉइंट रिटर्नवर सही केली की टॅक्सची जबाबदारी दोघांचीही पूर्ण असते.

भारताशी संबंधित प्रश्न तर सेमिनारमध्ये दुसरं कोणी घेणारच नाही, ते तुम्हालाच घ्यावे लागतील. उन्हाळ्यात मुलं दीड-दोन महिने नाशिकला आजीकडे जातात, त्या रात्री कोणाच्या? आई बरोबर गेली असेल तर आईच्या. मुलं एकटी गेली असतील तर त्या त्या रात्री ती एरवी ज्याच्याकडे असती त्याच्या. म्हणून जाण्याआधी एका ईमेलमध्ये लिहून ठेवा की या सुट्टीतले कुठले आठवडे कोणाचे. पण मूल सुट्टीला न जाता तिकडेच राहायला गेलं, पुण्याच्या शाळेत घातलं, "इथलं निस्तरेपर्यंत राहू दे आजीकडे" म्हणून, आणि वर्षाचे सहा महिने उलटले, तर मग दोघांच्याही क्लेमचा प्रश्न उभा राहू शकतो, आधी विचारा आणि मग तिकीट काढा. पुण्याच्या फॅमिली कोर्टात परस्पर संमतीनं घटस्फोट घेतलाय, म्हणून इकडचा फॉर्म लागत नाही असं समजणारेही भेटतात. लागतो. डिक्री शिवाजीनगरची असो नाहीतर न्यूअर्कची, ८३३२ तोच. आणि मूल एच-४ वर, म्हणजे पालकाच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर असेल, त्याला सोशल सिक्युरिटी नंबर नसून आयटीआयएन, म्हणजे नुसता टॅक्सपुरता नंबर असेल, तर २,२०० वालं क्रेडिट मुळात कोणालाच नाही, ५०० च मिळणार. २०२५ पासून तर क्लेम करणाऱ्या पालकाकडेही सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. एच-४ वर आलेल्या आणि नंबर नसलेल्या आईनं हे वाटाघाटीला बसायच्या आधी समजून घ्यायला हवं, कारण घटस्फोट झाला की तिचा एच-४ च संपतो आणि तेव्हा तिच्या डोक्यात टॅक्स हा शेवटचा विषय असतो, साहजिकच आहे.

दोघांनीही क्लेम केलं तर काय होतं हे पण सांगा लोकांना. अशी एक समजूत आहे की जो आधी फाइल करेल तो जिंकला, म्हणून जानेवारीच्या शेवटी ई-फाइल उघडलं रे उघडलं की रात्री बसून भरणारे आहेत. आधी भरणाऱ्याला रिफंड आधी मिळतो एवढंच. दुसऱ्याचं ई-फाइल मुलाचा नंबर आधीच वापरला गेलाय म्हणून रिजेक्ट होतं, पूर्वी तेव्हा कागदी रिटर्न पाठवण्यावाचून इलाज नव्हता, २०२५ च्या सीझनपासून आयआरएसकडून स्वतःचा आयपी पिन (ओळख पटवणारा गुप्त आकडा) घेतला असेल तर दुसरं रिटर्नही ई-फाइलनं स्वीकारलं जातं. मग काही महिन्यांनी दोघांना सीपी८७ए नावाचं पत्र येऊ शकतं, की हे मूल आणखी कोणीतरी दाखवलंय, तुमचं चुकलं असेल तर दुरुस्त करा, बरोबर असेल तर काही करू नका. कोणीच मागे हटलं नाही की पोस्टानं ऑडिट, आणि मग शाळेची कागदपत्रं, डॉक्टरची कागदपत्रं, त्यावर मुलाचा आणि पालकाचा एकच पत्ता, तारखा. हरणाऱ्याला पैसे परत, व्याज, वर वीस टक्के दंड लागू शकतो, आणि नियम धाब्यावर बसवून क्लेम केलं असं ठरलं तर दोन वर्षं क्रेडिट बंद, फसवणूक ठरली तर दहा वर्षं. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या माणसाला आयआरएसची लफडी नकोच असतात, पण रागाच्या भरात हे आठवत नाही.

मराठी शाळेच्या ताईंनो, इथे तुमचाही संबंध येतो. कधीतरी एखादी आई किंवा बाबा येऊन म्हणतील की शाळेच्या लेटरहेडवर लिहून द्या की मूल माझ्याकडे राहतं. तुमच्या रजिस्टरमध्ये जो पत्ता आणि ज्या तारखा आहेत तेवढंच लिहून द्या, आणि दुसऱ्या पालकानं मागितलं तर त्यालाही तेच द्या. रविवारी सकाळी कोण सोडतं यावरून आदल्या रात्री कुठे झोपलं हे तुम्हाला माहीत नसतं, तेव्हा त्याच्यावर सही करू नका. बाराखडी शिकवायला आलात, साक्षीदार कशाला व्हायचं.

२०२१ आठवतंय का? त्या वर्षी क्रेडिट वाढून सहा वर्षांखालच्या मुलाला ३,६०० आणि मोठ्याला ३,००० झालं होतं आणि त्यातलं अर्धं जुलै ते डिसेंबर दर महिन्याला खात्यात येत होतं. सरकारनं ते पाठवलं ज्यानं मूल आधीच्या रिटर्नवर दाखवलं होतं त्याला. सम-विषम वर्ष वाटून घेतलेल्या जोडप्यांत २०२० ज्याचं होतं त्याच्या खात्यात पैसे येत राहिले आणि २०२१ दुसऱ्याचं. उत्पन्न जास्त असलेल्यांना परत करायला लागले, काहींनी तोवर खर्च करून टाकले होते. माझ्या मते सम-विषम ही वाटणीच बेकार आहे, दिसायला न्याय्य दिसते म्हणून वकील ती सुचवतात, पण दरवर्षी नव्यानं सही मागायची आणि दरवर्षी नव्यानं भांडायचं. त्यापेक्षा ज्याला जास्त क्रेडिट मिळतं त्यानं घ्यावं आणि फरक वाटून घ्यावा, किंवा दोन मुलं असतील तर एकेक, मात्र मोठं सतराचं झाल्यावर उरलेल्या एकाचं काय ते आजच लिहून ठेवावं.

सही करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, फॉर्म ८३३२ चा पहिला भाग फक्त त्या वर्षासाठी आहे आणि दुसरा पुढच्या वर्षांसाठी. "सगळी पुढची वर्षं" असं लिहून देऊ नका, दरवर्षी पहिला भाग द्या. एकदा दिलेलं तिसऱ्या भागानं मागे घेता येतं, पण ज्या वर्षी कळवाल त्याच्या पुढच्या वर्षापासून, आधी नाही. आणि फॉर्मवर अट घालता येत नाही, अट डिक्रीत घाला, ३१ डिसेंबरला चाइल्ड सपोर्ट थकलेला नसेल तर जानेवारीत सही देईन, असं. समोरचा डिक्रीत असूनही सही देत नसेल तर परस्पर क्लेम करून टाकू नका, आयआरएसशी भांडून उपयोग नाही, राज्याच्या कोर्टात जा, सही करायला लावायचा अधिकार त्या जजकडे आहे.

तर मंडळी, माझं मागणं फार मोठं नाहीये. तुमच्या टॅक्स सेमिनारमध्ये या विषयाला अर्धा तास द्या. मंडळच का, वकील सांगेल की असं म्हणाल, तर वकील एकेकाचा असतो, तो दुसऱ्याला सांगत नाही, आणि वकिलाचा सल्ला कितीही बरोबर असला तरी "तिच्या वकिलानं सांगितलं" म्हटलं की विषय संपला. मंडळाचा वक्ता दोघांचाही नसतो म्हणून दोघंही ऐकतात. एकाच घरातून आलेले दोघं हॉलच्या दोन टोकांना बसून एफबारवरचं भाषण ऐकताना मी पाहिलेत, तेच दोघं हेही ऐकतील. पण स्लाइडवर "घटस्फोटितांसाठी" असं मोठ्या अक्षरात लिहाल तर एकही येणार नाही, कारण शेजारच्या काकू बघतात कोण आलंय ते. "फाइलिंग स्टेटस आणि डिपेन्डन्ट्स" असं नाव द्या, सगळेच येतात, आजी-आजोबांना डिपेन्डन्ट दाखवता येतं का हा प्रश्न तर सगळ्यांचाच असतो. झूमवर ठेवा, कॅमेरे बंद ठेवायची मुभा द्या, प्रश्न नाव न लिहिता विचारता येतील असं सेटिंग करा. आणि शक्यतो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ठेवा, फेब्रुवारीत नको, कारण फेब्रुवारीत रात्री मोजून झालेल्या असतात, ऑक्टोबरमध्ये अजून काही बदलता येतं आणि डिक्रीत फॉर्म ८३३२ ची ती एक ओळ घालून घेता येते.

आणि तुमच्या फॅमिली मेंबरशिपचा फॉर्म जरा बघा. त्यात मुलांची नावं एकाच कुटुंबाखाली घालता येतात, दुसऱ्या पालकानं भरलं तर "हे मूल आधीच नोंदवलेलं आहे" असं येतं. आयआरएस तसं करतं ते पैशासाठी. तुम्हाला काय गरज आहे? गणपतीच्या कार्यक्रमात नाचणाऱ्या मुलीचं नाव आईच्या फॉर्मवरही येऊ द्या आणि बाबांच्याही, दोघांनाही पास मिळू द्या. हे बदलायला काँग्रेसची मंजुरी लागत नाही, तुमच्या वेबसाइटवाल्या स्वयंसेवकाची एक संध्याकाळ लागेल.

वक्ता मिळत नसेल तर मी येते, मानधन नको. स्लाइड्स तयार आहेत, मराठीत आहेत, आणि ९० हजार आणि २ लाख ६० हजार वालं गणित त्यात पूर्ण सोडवून दाखवलंय. कोणाच्या स्वतःच्या केसमध्ये मात्र त्याचा त्यानं सीपीए किंवा एनरोल्ड एजंट गाठावा, मी झूमवर कोणाचं रिटर्न बघणार नाही, आणि दोघांपैकी कोण बरोबर हेही सांगणार नाही, ते विचारायला कृपया कार्यक्रमानंतर पार्किंग लॉटमध्ये थांबवू नये.

आपली,
न्यू जर्सीतली एक सभासद

ता.क. ऑक्टोबरचा हॉल बुक करायच्या आधी दिवाळीच्या कार्यक्रमाची तारीख बघा, मागच्या वेळी एफबारचं सेमिनार आणि फराळाचा स्टॉल एकाच दिवशी ठेवला होतात आणि सेमिनारला फक्त वक्ता होता.